संशय आला की फोन: कॅलिफोर्नियात वृद्धांची देखभाल करणाऱ्या नव्या मराठी माणसांसाठी

कामाच्या पहिल्या दिवशी कागदांचा गठ्ठा समोर येतो. टॅक्सचा फॉर्म, बँक खात्याचा तपशील, बोटांच्या ठशांची पावती, गणवेशाचं माप. त्या गठ्ठ्यात एसओसी ३४१ए नावाचा एक कागद असतो. बहुतेक जणी त्यावर सही करून पुढचा कागद ओढतात. मीही तेच केलं. त्या कागदाचा अर्थ असा: वृद्ध किंवा परावलंबी माणसाचा छळ माझ्या नजरेला पडला, कानावर आला किंवा त्याचा नुसता संशय आला तरी त्याची खबर देणं मला कायद्याने बंधनकारक आहे, आणि हे मला सांगितलेलं आहे. सही झाली की "मला कुठे माहीत होतं" म्हणायची सोय राहत नाही.

आपल्यातल्या बऱ्याच बायका आणि आता काही पुरुषही इथे येऊन केअरगिव्हरचं काम धरतात. कुणी एजन्सीतर्फे घरोघर जातं, कुणी सहा खाटांच्या बोर्ड अँड केअरमध्ये, म्हणजे साध्या घरात चालणाऱ्या छोट्या वृद्धनिवासात, कुणी नर्सिंग होममध्ये. कुणी आयएचएसएस योजनेतून, म्हणजे मेडी-कॅल या कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य योजनेमार्फत पगार घेऊन, आपल्याच सासूबाईंचं किंवा वडिलांचं करतं. काम सगळ्यांना येतं, कारण घरी आजीचं, आजोबांचं केलेलं असतं. खबर देण्याचं मात्र कुणी शिकवलेलं नसतं. उलट घरातली गोष्ट घरात ठेवायची, हेच आपण लहानपणापासून ऐकलंय. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. सगळे नियम कॅलिफोर्नियाचे आहेत. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथले नियम वेगळे असतील, ते तिथे विचारून घ्या.

आधी हे बघा: हा कायदा तुम्हाला लागू आहे का

कायद्याचं भाषांतर करायचं तर असं: वृद्ध किंवा परावलंबी प्रौढाच्या देखभालीची जबाबदारी ज्याने पूर्णवेळ किंवा अधूनमधून घेतली आहे, मग त्याचे पैसे मिळोत किंवा न मिळोत, तो 'मँडेटेड रिपोर्टर', म्हणजे खबर देणं ज्याला बंधनकारक आहे असा माणूस. यात डॉक्टर, नर्स, थेरपिस्ट, सोशल वर्कर, पोलीस तर येतातच. शिवाय केअरगिव्हर, डे केअरमधले कर्मचारी आणि आयएचएसएसमधून पगार घेऊन सासूचं किंवा आईचं करणारी सून किंवा मुलगीसुद्धा येते. देवळातला पगारी पुजारीही येतो, कारण धर्मसेवकांच्या व्याख्येत चर्च, सिनेगॉग, मशीद यांच्याबरोबर मंदिराचा उल्लेख आहे. बँकेत टेलर असलेल्या मराठी मुलामुलींनीही हे वाचावं: २००७ पासून आर्थिक फसवणुकीपुरती बँक आणि क्रेडिट युनियनच्या कर्मचाऱ्यांवरही हीच जबाबदारी आहे. त्यांचा फॉर्म वेगळा आहे, एसओसी ३४२.

तुम्ही यात बसत नसाल, म्हणजे नुसत्या शेजारी असाल किंवा मंडळात भेटणाऱ्या ओळखीच्या, तरी खबर देता येते. तुमच्यावर सक्ती नाही एवढाच फरक. तुम्ही नाव न सांगताही फोन करू शकता. मँडेटेड रिपोर्टरला मात्र स्वतःचं नाव द्यावं लागतं.

कोणाबद्दल

राज्यात राहणारी ६५ वर्षं किंवा त्यावरची कोणतीही व्यक्ती 'एल्डर'. ती आजारी असो वा धडधाकट, हे बघायचं नाही. १८ ते ६४ वयाची जी माणसं शारीरिक किंवा मानसिक अडचणीमुळे रोजचे व्यवहार किंवा स्वतःचं संरक्षण करू शकत नाहीत, ती 'डिपेंडंट अ‍ॅडल्ट'. चोवीस तासांच्या आरोग्य केंद्रात भरती असलेला त्या वयाचा रुग्णही यात मोडतो. स्ट्रोक झालेला पन्नाशीचा माणूस, डाउन सिंड्रोम असलेली तिशीतली मुलगी, हे सगळे त्यात आले. नव्या मंडळींना वाटतं की हे फक्त म्हाताऱ्यांचं आहे. तसं धरून चालू नका.

वयाचा आणखी एक बारकावा आहे. काउंटीची प्रौढ संरक्षण सेवा, जिला सगळे एपीएस म्हणतात, ती २०२२ पासून ६० वर्षांपुढच्या माणसांना मदत करते. त्यामुळे बासष्ट वर्षांच्या काकूंसाठी फोन केलात तरी "वयात बसत नाहीत" असं उत्तर मिळणार नाही.

छळ म्हणजे काय काय

मारहाण आणि लैंगिक अत्याचार हा छळ आहे, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बाकीचे प्रकार मात्र नवख्या माणसाच्या डोळ्यांसमोरून निघून जातात, तेव्हा ते नीट समजून घ्या.

पहिला, बांधून ठेवणं आणि औषध देऊन झोपवणं. डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना, किंवा शिक्षा म्हणून, एखाद्याला व्हीलचेअरला पट्ट्याने जखडणं आणि रात्री त्रास देतात म्हणून झोपेची जास्तीची गोळी देणं, या दोन्ही गोष्टी कायद्याने शारीरिक छळात मोडतात. "त्यांच्या भल्यासाठीच करतो" हे मी कितीतरी घरांत ऐकलंय. ते ऐकून घ्या आणि तरीही खबर द्या.

दुसरा, दुर्लक्ष. ओलं डायपर तासन्तास तसंच ठेवणं, पाणी कमी देणं म्हणजे बाथरूमला न्यावं लागत नाही, जखम दिसत असून डॉक्टरकडे न नेणं. एकटी राहणारी व्यक्ती स्वतःच खात-पीत नसेल, औषधं घेत नसेल, घरात कचऱ्याचे ढीग साचले असतील, तर त्या स्वतःच्या हेळसांडीचीही खबर द्यायची असते. तिथे गुन्हेगार कुणीच नसतो, मदतीची गरज असते.

तिसरा, एकटं पाडणं. हा प्रकार मला आपल्या घरांत सर्वांत जास्त दिसला आहे, आणि याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. वृद्ध माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध फोन घेऊ न देणं, आलेलं पत्र न देणं, भेटायला आलेल्याला "त्या झोपल्यात" किंवा "त्यांना कुणाला भेटायचं नाही" असं खोटं सांगणं, खोलीत कोंडणं हे कायद्यातच लिहिलेलं आहे. आता आपल्याकडचं चित्र बघा. आई भारतातून येते. तिच्याकडे इथलं सिम नसतं, गाडी येत नाही, इंग्रजी बोलायची भीती. दिवसभर नातवंडं सांभाळते. मावशीचा फोन आला की "आई कामात आहे". गणपतीला मंडळात यायचं म्हटलं की "आज नको". प्रत्येक घरात असं झालं म्हणजे छळच असेल असं मी म्हणत नाही. पण तिला बोलायचंय, भेटायचंय, आणि कुणीतरी ते ठरवून तोडतंय असं दिसलं, तर तो विषय घरगुती राहत नाही.

चौथा, पैसे. एटीएम कार्ड मुलाकडे, सही कोऱ्या चेकवर, किंवा पुण्याच्या फ्लॅटचं कुलमुखत्यारपत्र "नुसती फॉर्मॅलिटी" म्हणून पुढे केलेलं. केअरगिव्हरने हळूहळू दागिने नेले, हेही यातच. फोनवरच्या भामट्याने आजोबांकडून गिफ्ट कार्डांचे नंबर काढून घेतले तर त्याचीही खबर द्यायची. भामटा अनोळखी आहे म्हणून ते वेगळं होत नाही.

याखेरीज टाकून देणं आणि ज्याला संमती देण्याइतकं भान नाही अशा माणसाला राज्याबाहेर नेऊन परत येऊ न देणं हेही आहे. धमक्या, शिव्या, सततचा अपमान अशा मानसिक छळाची खबर देण्याची सक्ती नाही, पण देता येते. मी देते, कारण जिथे शिव्या ऐकू येतात तिथे बाकीचं बहुधा दाराआड चाललेलं असतं.

किती खात्री हवी

इथेच सगळे अडतात. कायद्याचा शब्द आहे 'वाजवी संशय'. तुमच्या जागी असलेल्या, तुमच्याएवढं शिकलेल्या-अनुभवलेल्या शहाण्या माणसाला समोरच्या गोष्टी पाहून संशय आला असता का, एवढंच. पुरावा गोळा करणं, कोण खरं कोण खोटं ठरवणं, कुणाची उलटतपासणी घेणं हे तुमचं काम नाही. ते करायला गेलात तर उलट नुकसान होतं: समोरचा सावध होतो आणि म्हाताऱ्या माणसावर राग निघतो.

कायद्यात चार वाटा आहेत: तुम्ही पाहिलंत, तुम्हाला कळलं, त्या व्यक्तीने स्वतः तुम्हाला सांगितलं, किंवा तुम्हाला संशय आला. चारांपैकी एक पुरे. तिसरी वाट पुन्हा वाचा. विसरभोळ्या आजींनी सांगितलं की "तो मला मारतो", तर "त्यांना डिमेन्शिया आहे, त्या काहीही बोलतात" म्हणून सोडून देण्याची मुभा केअरगिव्हरला नाही. डॉक्टर, नर्स, मानसोपचारतज्ज्ञ यांना ठरावीक अटींखाली तशी थोडी सूट आहे: दुसरा कोणताही दुजोरा नसला, डिमेन्शियाचं निदान झालेलं असलं आणि छळ झालेला नाही असं त्यांचं वैद्यकीय मत असलं तरच. तुमच्या-माझ्यासाठी ती सूट नाही.

मी काय चुकले

माझ्या कामाच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. सहा खाटांचं घर. तिथे ब्याऐंशी वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, आम्ही त्यांना टीचरच म्हणायचो. आंघोळ घालताना डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला मला चार निळसर डाग दिसले, एका ओळीत, आणि बाहेरच्या बाजूला एक. स्वतःचा हात त्यांच्या दंडाजवळ नेल्यावर कळलं की ती बोटं आहेत. पडल्यावर माणसाला कोपराला लागतं, गुडघ्याला लागतं. दंडाच्या आत लागत नाही.

मी रात्रपाळीच्या सुपरवायझरला सांगितलं. ती म्हणाली, "मी बघते." मला हायसं वाटलं. वाटलं, आपलं काम झालं. तिसऱ्या दिवशी उजव्या दंडावर तसेच डाग होते.

माझ्याबरोबर एक फिलिपिनो सहकारी होती, वीस वर्षं हेच काम केलेली. सगळे तिला आते म्हणायचे. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला तसं म्हणतात, मला मात्र ते आपल्या आत्यासारखं लागायचं. तिने मला स्वयंपाकघरात बसवलं, ड्रॉवरमधून कोरा फॉर्म काढला आणि म्हणाली, "बघितलंस तू. लिहायचंही तूच." त्या तीन दिवसांचं मला आजही वाईट वाटतं.

तर नियम असा: खबर देण्याची जबाबदारी व्यक्तीची आहे. सुपरवायझरला सांगितलं, चार्टमध्ये लिहिलं, एजन्सीला मेसेज केला, यातल्या कशानेही ती संपत नाही. सुपरवायझर तुम्हाला अडवू शकत नाही, आणि खबर दिली म्हणून शिक्षाही करू शकत नाही. दोघीतिघींनी एकच गोष्ट पाहिली असेल तर आपसांत ठरवून एकीने फोन आणि फॉर्म केला तरी चालतं. पण तिने केलं नाही असं कळलं, तर लगेच तुम्ही करायचं. न केल्यास हा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत तुरुंग, १,००० डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाणूनबुजून गप्प बसलात आणि त्या छळातून मृत्यू किंवा गंभीर इजा झाली, तर एक वर्ष आणि ५,००० डॉलरपर्यंत.

ती व्यक्ती तुमच्यापाशी बोलली तर

एका मराठी घरात मी आजींना आंघोळ घालत होते. त्यांनी नळ मोठा सोडला आणि पाण्याच्या आवाजाआड म्हणाल्या, "माझा पासपोर्ट यांनी कुठे ठेवलाय, बघशील का गं? मला घरी जायचंय. कुणाला सांगू नकोस हं, माझी शपथ."

अशा वेळी शपथ घालू देऊ नका. मी म्हणाले, "आजी, शपथ नको. तुमच्या मदतीसाठी कुणाला तरी सांगावंच लागेल मला, तसा इथला कायदाच आहे. पण तुमच्या लेकाला आणि सुनेला मी काही बोलणार नाही." त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "बरं."

खोदून विचारू नका. "कोण? कधीपासून?" एवढे दोन साधे प्रश्न पुरे. त्यांच्या तोंडी शब्द घालू नका, "सुनेने मारलं का?" असं कधी विचारू नका. जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत, मराठीतच लिहून ठेवा, खाली इंग्रजी अर्थ. भाषांतरात "मला घरी जायचंय" याचं काहीही होऊ शकतं, मूळ वाक्य असलं की तपास करणाऱ्याला आधार राहतो.

ज्याच्यावर संशय आहे त्याला जाब विचारू नका. माराची खूण असेल तर कपडे, चादर धुवायला टाकू नका. इजेचे फोटो काढायला कायद्याचं संरक्षण आहे, पण ते खबरीसोबतच जायला हवेत. व्हॉट्सअॅपवर मैत्रिणीला "बघ गं" म्हणून पाठवणं हा त्या माणसाचा दुसऱ्यांदा अपमान आहे. आणि "हिपामुळे पेशंटबद्दल सांगता येत नाही" असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. हिपा म्हणजे रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा. कायद्याने बंधनकारक असलेली खबर हिपा अडवत नाही.

आता फोन

जीव धोक्यात असेल, आत्ता मारहाण चालू असेल, तर ९११. त्याआधी दुसरं काही नाही.

तातडी नसेल तर ती व्यक्ती कुठे राहते यावर फोन ठरतो.

स्वतःच्या घरी, मुलाच्या घरी किंवा साध्या हॉस्पिटलमध्ये असेल तर काउंटीच्या एपीएसला किंवा पोलिसांना. कॅलिफोर्नियात ५८ काउंटी आहेत आणि प्रत्येकीचं एपीएस वेगळं, पण नंबर शोधत बसू नका: १-८३३-४०१-०८३२ हा राज्यभराचा नंबर दिवसरात्र चालू असतो. झिप कोड दाबला की योग्य काउंटीला जोडतात. फोन ताबडतोब, आणि लेखी फॉर्म कामाच्या दोन दिवसांत. काही काउंटींत ऑनलाइनही देता येतं.

नर्सिंग होम, बोर्ड अँड केअर, असिस्टेड लिव्हिंग अशा ठिकाणी असेल तर मुदत तासांत मोजतात. पोलिसांना तोंडी खबर लगेच, उशिरात उशिरा दोन तासांत. लेखी खबर २४ तासांत, तीही तीन ठिकाणी: पोलीस, लाँग-टर्म केअर ऑम्बड्समन (अशा ठिकाणच्या रहिवाशांच्या तक्रारी बघणारा) आणि त्या जागेला परवाना देणारं खातं. नर्सिंग होम असेल तर ते राज्याचं सार्वजनिक आरोग्य खातं, बोर्ड अँड केअर असेल तर समाजसेवा खात्याचा कम्युनिटी केअर लायसेन्सिंग विभाग. डिमेन्शिया झालेल्या एका रहिवाशाने दुसऱ्याला ढकललं आणि गंभीर इजा झाली नाही, अशा प्रसंगी नियम थोडा सैल आहे, पण नवीन असाल तर दोन तासांचाच नियम डोक्यात ठेवा. ऑम्बड्समनचा चोवीस तासांचा नंबर १-८००-२३१-४०२४.

इंग्रजीची धास्ती वाटत असेल तर फोन उचलल्याबरोबर दुभाषा मागा. "मराठी" असं स्पष्ट सांगा, नाहीतर भारतीय म्हटलं की हिंदी धरून चालतात. मराठी दुभाषा मिळायला वेळ लागत असेल तर हिंदीवर चालवून घ्या, पण फोन ठेवू नका. आणि त्या व्यक्तीची भाषा कोणती हेही सांगा, म्हणजे भेटायला येणारा माणूस दुभाष्याची सोय करून येईल. घरातल्या सुनेला किंवा नातवाला दुभाषा करू नये, हे तुम्हीच सुचवा. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्याच तोंडून बोलणं पोचलं तर आजी काय सांगणार?

ते विचारतात त्या गोष्टी आधीच कागदावर लिहून ठेवा: व्यक्तीचं नाव, वय, पत्ता, आत्ता ती कुठे आहे, काय झालं, कधी, संशय कुणावर आणि तो त्याच घरात राहतो का, घरात आणखी कोण, कुत्रा किंवा हत्यार आहे का. काही माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणा. जमवून सांगू नका. फोन घेणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून घ्या. फॉर्ममध्ये ते लागतं.

फॉर्म: एसओसी ३४१

सही केलेला तो ३४१ए, आणि भरायचा तो ३४१. राज्याच्या समाजसेवा खात्याच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. नाव-पत्त्याचे रकाने सोपे आहेत. संशयिताचं नाव, छळाचा प्रकार, आणखी कुणाला माहिती आहे का, तुम्ही फोन कुणाला केला, हेही सरळ आहे. कस लागतो तो तुमचं निरीक्षण लिहिताना.

पहिल्यांदा मी लिहिलं होतं: "पेशंटला मारहाण झाली आहे, कृपया लक्ष द्यावे." आतेने ते खोडलं. "मारताना बघितलंस?" नव्हतं बघितलं. मग आम्ही असं लिहिलं: मंगळवारी सकाळी सव्वाआठला आंघोळ घालताना डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला चार गोल निळसर डाग दिसले, प्रत्येक साधारण डाइमच्या नाण्याएवढा, एका ओळीत, दंडाच्या बाहेरच्या बाजूला एक. दोन दिवसांपूर्वीच्या आंघोळीत तिथे काही नव्हतं. हात लावल्यावर त्यांनी हात मागे ओढला. कसं लागलं असं विचारल्यावर त्या दाराकडे बघून म्हणाल्या, "मी हळू चालते म्हणून." शुक्रवारी उजव्या दंडावर तसेच डाग.

यात 'मारहाण' हा शब्दच नाही, आणि तरी वाचणाऱ्याला सगळं कळतं. तारीख, वेळ, जागा, रंग, आकार, बोललेले शब्द. पाहिलेलं एका वाक्यात, वाटलेलं दुसऱ्या वाक्यात आणि "मला वाटतं" असं लिहूनच. औषधांच्या डबीबद्दल लिहायचं तर "औषधं देत नाहीत" असं नको; "गुरुवारी संध्याकाळी डबीत सोमवार ते गुरुवारच्या गोळ्या तशाच होत्या" असं. अंथरुणाच्या जखमेबद्दल लिहायचं तर कुठे, केवढी, पट्टी कधीची होती ते.

पाठवलेल्या फॉर्मची प्रत आणि पाठवल्याची नोंद स्वतःजवळ, कुलपात ठेवा.

खबर दिल्यावर

तुमचं नाव कायद्याने गोपनीय राहतं. छोट्या घरात "हे कुणी सांगितलं असेल" याचा अंदाज लोक बांधतात, हे खरं आहे आणि त्याची भीती वाटणारच. पण मँडेटेड रिपोर्टरवर खबर दिल्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी दावा टिकत नाही, पुढे संशय चुकीचा निघाला तरीही. सक्ती नसलेल्या माणसालाही संरक्षण आहे, जाणूनबुजून खोटी खबर दिली नसेल तर.

एपीएसचा माणूस गरज असेल तर ताबडतोब, नाहीतर दहा दिवसांच्या आत प्रत्यक्ष भेटायला जातो आणि त्या व्यक्तीशी शक्यतो एकट्याने बोलतो. आपल्या लोकांना वाटतं की फोन केला की पोलीस येणार, मुलाला बेड्या घालणार आणि आजींना कुठेतरी नेऊन टाकणार. तसं सहसा होत नाही. बहुतेक वेळा दिवसातून काही तास मदतनीस, डॉक्टरची भेट, जेवणाचा डबा, बँक खात्याला संरक्षण, कोर्टाकडून मनाई हुकूम अशी मदत असते. वृद्ध छळाच्या मनाई हुकमासाठी कोर्टाची फी लागत नाही. थकून गेलेल्या सुनेलासुद्धा पहिल्यांदा कुणीतरी विचारतं की तुला काय हवंय. आणि भान शाबूत असलेली वृद्ध व्यक्ती "मला मदत नको" म्हणू शकते. तिचा तो हक्क आहे. लहान मुलांच्या बाबतीत असते तशी इथे सक्ती नाही.

याचा तुमच्यापुरता अर्थ असा की कधीकधी काहीच बदललेलं दिसणार नाही. पुढे काय झालं हे तुम्हाला कळवलं जाईलच असंही नाही. टीचरना त्यांच्या पुतणीने दुसरीकडे नेलं एवढंच मला कळलं. पासपोर्टवाल्या आजींचं काय झालं ते आजही माहीत नाही. पुन्हा काही दिसलं तर पुन्हा फोन, पुन्हा फॉर्म. "एकदा सांगितलंय" हे कारण चालत नाही; प्रत्येक नवी घटना नवी खबर असते.

आपल्या घरांत विचारले जाणारे दोन प्रश्न

"आईचा व्हिसा, ग्रीन कार्ड मुलावर अवलंबून आहे, तिने बोलायचं कसं?" मुलगा किंवा मुलगी एकवीस वर्षांपुढची अमेरिकन नागरिक असेल, आई-वडील तिच्यासोबत राहिले असतील आणि तिच्याकडूनच छळ होत असेल, तर 'व्हावा' (VAWA) नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात त्यांना स्वतःचा अर्ज स्वतः करता येतो, मुलाची सही लागत नाही, त्याला कळवलंही जात नाही. हे इमिग्रेशन वकिलाकडूनच करून घ्या. खबर देणाऱ्याने व्हिसाचा विचार करून थांबायचं नाही.

"माझे आईवडील नाशिकला आहेत, तिथे भाऊ त्रास देतो, इथे सांगू का?" इथल्या यंत्रणेला तिथे हात घालता येत नाही. भारतात २००७चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा आहे, आई-वडिलांसाठी वय काहीही असो, आणि बाकी ज्येष्ठांसाठी वयाच्या साठीपासून. त्यात स्वतः ज्येष्ठाने, किंवा त्याला शक्य नसेल तर त्याने नेमलेल्या माणसाने किंवा संस्थेने न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. भारतात ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७. आईवडिलांना तो नंबर मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ लावायला सांगा. परदेशातून आपण जे करू शकतो त्यातलं हे पहिलं.

पुढच्या शिफ्टच्या आधी

वरचे दोन कॅलिफोर्नियाचे नंबर फोनमध्ये घाला, नाव द्या "एपीएस" आणि "ऑम्बड्समन". एसओसी ३४१ची दोन कोरी प्रिंट बॅगेत ठेवा. घटना घडते तेव्हा ऑफिसचा प्रिंटर बंद असतो. एक छोटी वही ठेवा, पण तिच्यात व्यक्तीचं पूर्ण नाव लिहू नका, तारीख-वेळ आणि दिसलेलं तेवढं. पहिल्याच आंघोळीच्या वेळी डोक्यापासून पायापर्यंत त्वचा नीट बघून जुने डाग, व्रण, सुरकुत्यांतली लाली चार्टमध्ये लिहा. नंतर नवीन काही उमटलं की ते नवीन आहे हे तुम्हाला ठामपणे सांगता येतं, आणि फोनवरचा माणूस पहिल्यांदा तेच विचारतो: "हे कधीपासून आहे?"